चेहरा दिसला पाहिजे

७ नोव्हेंबर, गुरुवार

दिवाळीचा फराळ संपला आणि घरात नवा विषय निघाला. शलाकाला बारावीनंतर अमेरिकेत कॉलेजला जायचंय. शिकायला, आणि त्याहून जास्त सॉफ्टबॉल खेळायला. तिथल्या कॉलेजांचे कोच म्हणे बाहेरदेशच्या मुलीही टीममध्ये घेतात आणि पसंत पडली तर फी माफ करतात. पसंत कशी करतात? तर मुलीने आपल्या खेळाचा एक छोटा व्हिडिओ करून पाठवायचा.

मी विचारलं, "म्हणजे मुलीची माहिती पाठवायची, त्यांनी तिला बघायचं, आवडली तर पुढची बोलणी?"

"हो बाबा, तसंच काहीसं," शलाका म्हणाली.

मी खुर्चीत सावरून बसलो. नोकरी मी पलासियाच्या विमा ऑफिसात करतो, पण इंदूरच्या मराठी माणसांत शाम बोरगावकरला ओळखतात ते मंडळाच्या वधू-वर सूचक केंद्राचा चिटणीस म्हणून. बावीस वर्षं ते रजिस्टर माझ्या हातात आहे. तीनशे एकेचाळीस लग्नं जमली, आणि त्यांतली बहुतेक टिकली. आता पोटच्या मुलीसाठी ही विद्या कामी येत असेल तर मी काय हात बांधून बसू? ही जबाबदारी माझी, असं मी तिथल्या तिथे जाहीर केलं.

शलाका आईकडे बघू लागली. अमिता म्हणाली, "करू दे त्यांना. नाही तर आजारी पडतात."

१० नोव्हेंबर, रविवार

सकाळी मैदानावर गेलो. सहा वर्षं मुलगी खेळते आहे, सामनेही पुष्कळ पाहिले, पण आज पहिल्यांदा सोयरिकीच्या नजरेने पाहिलं आणि पहिल्याच घासाला खडा लागला.

शलाका कॅचर आहे. बॅट घेतलेल्या मुलीच्या मागे उकिडवं बसायचं आणि तिची मैत्रीण शमिका समोरून ताशी नव्वदच्या वेगाने चेंडू फेकते तो झेलायचा, असं ते काम. त्यासाठी छातीला चिलखत, पायांना पॅड, आणि तोंडावर लोखंडी जाळीचा मास्क. दोन तास मी तिथे होतो. त्या दोन तासांत माझ्या मुलीचं तोंड मला एकदा दिसलं, पाणी पिताना.

त्यांचे कोच अश्विन सर आहेत, त्यांना मी माझी अडचण सांगितली. ते म्हणाले, "बोरगावकर साहेब, चेहऱ्याचं काय करायचंय? तिचे हात बघा ना. सामनेवाली दुसऱ्या बेसकडे पळाली की शलाकाच्या ग्लोव्हमधून चेंडू तिथे पोचायला एक पॉइंट नऊ सेकंद लागतात. पूर्ण एमपीत अशी दुसरी नाही."

एक पॉइंट नऊ सेकंद. शिंक यायला याहून जास्त वेळ लागतो. एवढ्यात कुणावर काय छाप पडणार? स्थळ आधी चेहरा बघतं, मग उंची, मग बाकी सगळं, हा माझा बावीस वर्षांचा अनुभव आहे. ज्या मुलीच्या फोटोत चेहरा स्वच्छ नाही ती रजिस्टरमध्ये मागे पडते, मग ती कितीही गुणी असो. सरांशी मी वाद घातला नाही. खेळातले जाणकार ते, दाखवण्यातला मी.

१३ नोव्हेंबर, बुधवार

आज परिचयपत्र तयार केलं. आधी मराठीत, मग इंग्रजीत. नाव, जन्मतारीख, उंची पाच फूट पाच, बांधा मध्यम. वर्णाशी थोडा अडखळलो. अमेरिकेत विचारतात की नाही ठाऊक नाही, पण ज्याला हवं त्याने वाचावं म्हणून 'निमगोरा' लिहून टाकलं. उजव्या हाताची करंगळी चेंडू लागून किंचित वाकडी आहे, तेही लिहिलं. दडवून जमवलेलं टिकत नाही, हा माझा नियम आहे.

शलाकाने उभ्या उभ्या वाचलं. "बाबा, गृहकृत्यदक्ष?"

"टीम म्हणजे कुटुंबच असतं."

"आणि हे 'अपेक्षा' काय आहे? 'कोच निर्व्यसनी व सुसंस्कृत असावा'?"

"मग, दारुड्या कोचकडे पाठवू का तुला?"

ती कागद घेऊन स्वयंपाकघरात आईकडे गेली. बराच वेळ दोघी हसत होत्या. परीक्षेच्या वर्षातही घर आनंदी आहे याचं मला बरं वाटलं. कागद तिने परत दिला नाही, आपल्याजवळच ठेवला. माझ्याकडे दुसरी प्रत होतीच.

१७ नोव्हेंबर, रविवार

व्हिडिओसाठी बंटीला धरलं. बड़ा गणपतीजवळ त्याचा स्टुडिओ आहे आणि मी जमवलेल्या निम्म्या लग्नांचं चित्रण त्याने केलेलं आहे. "भियाजी, टेंशन मत लो," तो म्हणाला, "अपन ने चार सौ शादियाँ शूट की हैं, ये तो एक ही लड़की है."

मी त्याला एकच सूचना दिली, की चेहरा दिसला पाहिजे. मास्क घातलेला एकही शॉट नको.

शलाका म्हणाली, "बाबा, कॅचर मास्क काढून बसली तर दात जातील ना."

"खरा चेंडू कशाला? शमिका नुसता हात फिरवेल."

तर तसं झालं. शलाका मास्क काढून, केस नीट बांधून, मागे उकिडवी बसली आणि नसलेला चेंडू हसत हसत झेलला. मग बंटीने तिला बॅट खांद्यावर टाकून गुलमोहराखालून चालत यायला लावलं, वळून बघायला लावलं, आणि पुन्हा एकदा हळू वळून बघायला लावलं. झेंडूच्या पाकळ्याही त्याने आणल्या होत्या, त्या शमिकाने वरून टाकल्या. अश्विन सर काही वेळ बघत उभे राहिले, मग त्यांना कसलं तरी काम आठवलं.

शलाका बिचारी तक्रार न करता सगळं करत होती. फक्त जाताना म्हणाली, "बाबा, एकतीस जानेवारीपर्यंत कुणाचा तरी जवाब यायला हवा. त्यानंतर तिकडच्या टीम भरून जातात." मी म्हटलं, अजून अडीच महिने आहेत.

ती इथेच राहिली तर काय, हा प्रश्न मला पडला नाही असं नाही. गेल्या वर्षी त्यांच्या टीममधून तीन मुली बारावी झाल्या. दोघींचं खेळणं तिथेच थांबलं, कारण इथे बारावीनंतर मैदानावर कोण पाठवतं. त्या दोघींच्या पत्रिका माझ्याच रजिस्टरमध्ये आहेत. स्थळं चांगली येतायत त्यांना.

२४ नोव्हेंबर, रविवार

हल्लीच्या मुलींना वस्तूंची किंमत नाही. मैदानावर कॅचरच्या मागे जाळी आहे. त्या जाळीला केसांच्या रबरबँडने कुणी तरी मोबाईल बांधून ठेवला होता. धुळीने खराब होईल म्हणून मी काढायला गेलो तर शमिका लांबून ओरडली, "काका, राहू द्या, राहू द्या." मी राहू दिला. ज्याचा असेल तो बघेल.

घरातून माझं ऑफिसच्या क्रीडा दिवसाचं स्टॉपवॉच गायब आहे. मोजायची टेपही. अमिताला विचारलं तर म्हणाली, "शलाकाने नेलंय. प्रॅक्टिकल असेल." बारावीला कसले कसले प्रयोग असतात आता.

८ डिसेंबर, रविवार

दिवसभर बंटीकडे. व्हिडिओ आकाराला येतो आहे. सुरुवातीला गणपती, मग सनई, मग लाल मखमलीवर सोनेरी अक्षरांत शलाकाचं नाव. मग बालपण. पाळण्यातली शलाका, पहिलं पाऊल टाकताना, शाळेत झाशीची राणी झालेली. मग मोठी शलाका गुलमोहराखालून येते. आमच्या तिघांचा एक फोटो बदामाच्या आकाराच्या चौकटीत फिरत फिरत येतो. ती चौकट काढता येईल का विचारलं तर बंटी म्हणाला की सॉफ्टवेअरमध्ये पक्की बसलेली आहे.

शेवटी काय घ्यावं यावर आमचं अडलं. बंटीने स्वतःच्या मनाने मैदानातून पाठमोरी चालत जाणारी शलाका घेतली, खांद्यावर किटची पिशवी, आणि खाली सनई अशी लावली की मी खुर्चीवरून उठून दारात जाऊन उभा राहिलो.

"भियाजी, ये तो विदाई बन गई," तो मागून म्हणाला. "रहने दूँ?"

मी राहू दे म्हटलं. त्या रस्त्याला धूळ फार आहे, डोळ्यांना त्रास होतो. खरं लिहायचं तर धूळ नव्हती. मुलीला दूर पाठवायला मीच निघालोय आणि ती गेल्यावर या घरात संध्याकाळी किटची पिशवी कुठे आपटली जाणार, हे मला पहिल्यांदा त्या पडद्यावर दिसलं. हे अमिताला सांगितलेलं नाही.

१५ डिसेंबर, रविवार

अपघात. देवाच्या कृपेने थोडक्यात निभावलं.

आज आंतरजिल्हा सामना होता. खऱ्या सामन्यातली दोन-चार मिनिटं हवीत असं शलाकाने लावून धरलं होतं, म्हणून मी बंटीचा कॅमेरा तिपाईवर लावून मैदानाच्या कडेला उभा होतो. अश्विन सरांनी दोनदा मागे सरकायला सांगितलं, पण मागून मुलगी लहान दिसते. मी टपून होतो की कधी तरी ती मास्क काढेल.

आणि तिने काढला. बॅटीच्या कडेला लागून चेंडू उंच उडाला. तिने मास्क भिरकावला, वर बघत पळत सुटली आणि सरळ माझ्याकडे आली. मला वाटलं थांबेल. ती चेंडूकडे बघत होती, माझ्याकडे नाही. तिपाई, मी आणि ती, असे तिघे त्या क्रमाने खाली गेलो.

झेल मात्र तिने सोडला नाही. माझ्या पोटावर पडल्या पडल्या आधी हात उंच करून पंचांना चेंडू दाखवला, त्यांनी आऊट दिल्यावर दुसऱ्या हाताने धुळीतून माझा चष्मा उचलला आणि मग विचारलं, "बाबा, लागलं का?"

मी नाही म्हणालो. कोपर सुजलंय आणि कंबरेत चमक भरलीय. आधी पंच, मग बाप, हाही एक नवा जमाना. कॅमेऱ्यात चाळीस सेकंद नुसतं आकाश आलंय. तसंही तो प्रसंग घेण्यासारखा नव्हताच. मुलीचे केस विसकटलेले, कपडे मातीत, खाली दाबलेला बाप. हे पाहून कुठलं स्थळ होकार देईल?

२२ डिसेंबर, रविवार

व्हिडिओ पूर्ण. अकरा मिनिटं वीस सेकंद. शलाका म्हणाली की तिकडचे कोच पहिलं अर्धं मिनिट बघतात आणि नाही आवडलं तर बंद करतात. मी समजावलं की पहिल्या अर्ध्या मिनिटात गणपती आहे, तो कोण बंद करेल?

मंडळाच्या हॉलमध्ये पडदा लावून सर्वांना दाखवला. दत्तोपंत अध्यक्ष आहेत, त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. इंदुमतीबाई कानडे तर जवळ येऊन म्हणाल्या, "मुलगी गोड आहे. पण खेळते काय?" त्यांना कमी ऐकू येतं.

दुपारी एकतीस कॉलेजांना एकेक पत्र लिहून व्हिडिओ आणि परिचयपत्र धाडलं. शलाका आणि अमिता आतल्या खोलीत कॉम्प्युटरवर काही करत होत्या. मी आवाज दिला, "झालं गं, सगळीकडे गेला आपला व्हिडिओ."

"आमचं पण झालं," अमिता आतून म्हणाली. त्यांचं काय झालं हे विचारायचं राहिलं.

३ जानेवारी, शुक्रवार

उत्तरं येऊ लागली. बारा कॉलेजांनी कळवलंय की आमच्याबद्दल दाखवलेल्या रसाबद्दल आभार, कृपया सोबतचा फॉर्म भरावा. बाराही पत्रांतला शब्द न् शब्द सारखा आहे, यावरून तिथली शिस्त दिसते. होकार नाही, पण नकारही नाही. याला आमच्याकडे 'विचार चालू आहे' म्हणतात. व्हिडिओ आतापर्यंत एकशे सहा वेळा पाहिला गेला आहे. त्यांतले काही मी, हे मान्य, पण मी शंभर वेळा पाहिलेला नाही. साठ-सत्तर वेळा असेल.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. तिळगूळ झाला, पण तोंड गोड होईना. त्या बारांनंतर एकही पत्र नाही.

शमिकाची आई आली होती. शमिकाचा फोटो आणि पत्रिका माझ्या हातात देऊन म्हणाली, "आता बारावी होऊन राहिली आहे. लगेच घाई नाही भाऊजी, एकवीसपर्यंत बघू. पण नाव तर टाकून ठेवा."

फोटो स्टुडिओतला, साडीतला, चेहरा आरशासारखा स्वच्छ. आणि मी ओळखलीच नाही. सहा वर्षं या मुलीला हात चक्रासारखा फिरवून चेंडू टाकताना बघतो आहे, आणि फोटो हातात धरून मी विचारलं, "ही कोण?" शमिकाची आई हसली. मलाही हसावं लागलं.

रजिस्टर उघडलं, पेन काढलं आणि सांगितलं की शाई संपलीय, नंतर लिहितो. शाई होती. का लिहिलं नाही ते मला सांगता येणार नाही.

संध्याकाळी शलाका गच्चीवर एकटी बसली होती. इतर पोरं पतंग उडवत होती. मी तिळाची वडी घेऊन गेलो.

"बाबा, सतरा दिवस आहेत," ती म्हणाली. "नाही आलं कुणाचं तर इथेच बीकॉम करीन. कोई बात नहीं."

'कोई बात नहीं' ती ज्या आवाजात म्हणाली तो मी ओळखतो. सात वर्षांची असताना सायकलवरून पडली, तेव्हा गुडघा हाताने दाबून धरून असंच म्हणाली होती. मी तिला सांगितलं की चांगल्या स्थळाला वेळ लागतो. मनात मात्र म्हटलं, चुकलं तर नाही ना माझं काही? गणपती थोडा कमी वेळ ठेवायला हवा होता.

२२ जानेवारी, बुधवार

आलं. आयोवा नावाच्या राज्यातलं एक लहानसं कॉलेज. मार्था नावाच्या कोच आहेत. व्हिडिओ फार आवडला, टीमला दाखवला, शनिवारी मुलीशी आणि घरच्यांशी बोलायचंय, तुमच्याकडे सकाळ असेल तेव्हा, असं लिहिलंय.

मी ऑफिसातून दत्तोपंतांना, बंटीला आणि जुन्या तीन-चार यशस्वी जोडप्यांना फोन केले. पत्र शलाकाच्या पत्त्यावर आलं, माझ्या नाही, ही तिकडची पद्धत असावी. अमिताने देवाजवळ साखर ठेवली. शलाकाने मला मिठी मारली आणि म्हणाली, "थँक्यू बाबा." मी म्हटलं, आभार बंटीचे मान.

२५ जानेवारी, शनिवार

बघण्याचा कार्यक्रम पार पडला.

सकाळी साडेसातची वेळ होती. दिवाणखान्याचे पडदे बदलले. अमिताने कांदेपोहे केले, वर शेव आणि खोबरं. शलाका टीमचा मळका शर्ट घालून आली तेव्हा मी काही बोलणार होतो, पण अमिताने माझ्याकडे असं पाहिलं की पोह्यांची बशी मीच उचलून लॅपटॉपसमोर ठेवली.

मार्थाबाई साठीच्या, केस पांढरे, आवाज खणखणीत. त्यांना पोहे दाखवले, त्यांनी काय आहे ते विचारलं आणि दिसतं छान म्हणाल्या. मग माझं परिचयपत्र हातात धरून त्यांनी चष्मा लावला. इतक्या वर्षांत असा कागद आपल्याला कुणी पाठवला नव्हता, म्हणाल्या. त्यांनी तो ऑफिसच्या दारावर लावलाय. "तुमच्या अपेक्षेप्रमाणे मी सिगारेट पंधरा वर्षांपूर्वी सोडली आहे. चालेल का?" असं त्यांनी अगदी गंभीरपणे विचारलं. मी चालेल म्हणालो. शलाकाने टेबलाखाली आईचा हात धरला होता.

मग बाईंनी आपला उजवा हात कॅमेऱ्यासमोर धरला. करंगळी वाकडी. त्याही कॅचर होत्या. शलाकाने आपला हात वर केला. दोघी एकमेकींच्या करंगळ्या बघत राहिल्या. मी जमवलेल्या कुठल्याही लग्नात पत्रिका इतक्या चटकन जुळलेल्या पाहिल्या नाहीत.

पुढचं मात्र मला कळलं नाही. बाई म्हणाल्या, "एक पॉइंट नऊ सेकंद मी शिकवून आणू शकते. पण त्या शेवटच्या झेलात, तो तिपाईवाला माणूस खाली पडतो तिथे, ही आधी आऊट मिळवते, मग चष्मा उचलते आणि मग माणसाची चौकशी करते. तो क्रम शिकवता येत नाही. तो गृहस्थ ठीक आहे ना?"

शलाका खाली बघत म्हणाली, "हे माझे बाबाच आहेत."

मार्थाबाई इतक्या हसल्या की चित्र हललं. मी हात जोडून नमस्कार केला. पण तो प्रसंग आपल्या व्हिडिओत नाही. मी स्वतः काढायला लावला होता, नव्हे, तो आपल्याकडे नव्हताच.

२८ जानेवारी, मंगळवार

ऑफिस सुटल्यावर बंटीकडे गेलो. स्पष्ट विचारलं, "तो पडण्याचा शॉट तू घातलास का? कुठून आणलास?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. मग कॅमेऱ्याची काच पुसायला घेतली. "हाँ भियाजी. मैंने ही डाल दिया था. गलती से."

मी त्याला मोठ्या मनाने माफ केलं. कधी कधी अनाड्याच्या हातूनही काम होऊन जातं. तो म्हणाला, "सही बात है भियाजी," आणि चहा मागवला.

२ फेब्रुवारी, रविवार

पत्र आलं. एकतीस जानेवारीची तारीख, पूर्ण फी माफ, चार वर्षं. ऑगस्टमध्ये निघायचं.

सकाळी इंदुमतीबाईंचा फोन आला. त्यांच्या भाच्यासाठी शलाकाची पत्रिका हवी होती. मी म्हटलं, तिचं जमलंय. कुठे? आयोवात. मुलगा काय करतो? मी म्हटलं, मुलगा नाही, खेळ आहे. त्या "बरं बरं, चांगला पगार असेल," म्हणाल्या.

जेवणं झाल्यावर आपला व्हिडिओ पुन्हा लावला. तीनदा पाहिला. गणपती आहे, बदामाची चौकट आहे, पाकळ्या आहेत. पडणं कुठेच नाही, आणि सबंध अकरा मिनिटांत चेंडूही एकच आहे, तो झाशीच्या राणीच्या शेजारी जमिनीवर पडलेला.

मग एकेक आठवू लागलं. स्टॉपवॉच. टेप. जाळीला बांधलेला मोबाईल. 'आमचं पण झालं.' माझ्या पत्त्यावर न आलेलं पत्र. तीनशे एकेचाळीस घरांच्या मनातलं ओळखणाऱ्या माणसाला स्वतःच्या घरातलं तीन महिने दिसलं नाही. लाज वाटली. मग थोडा रागही आला. मग आठवलं, की पोरीने माझा कागद मात्र जसाच्या तसा पाठवला, गृहकृत्यदक्षपणासकट.

शलाका किटची पिशवी घेऊन मैदानावर निघाली होती. "काय पाहून राहिलात बाबा?"

"आपला व्हिडिओ. ज्याने तुझं काम झालं तो माझ्याकडे नाही."

तिने पिशवी खाली ठेवली.

"मग पाठव ना," मी म्हणालो. "मला फक्त बघायचाय. सुधारणा नाही सुचवणार."

तिने माझ्याकडे नीट पाहिलं. मग माझ्या मोबाईलवर काही पाठवलं, चपलेत पाय घातले आणि गेली. अमिताही तिच्यासोबत अन्नपूर्णा मंदिरापर्यंत जाते म्हणून बाहेर पडली. मुद्दाम गेली असणार.

तीन मिनिटं दहा सेकंदांचा आहे. सनई नाही. जाळीतून काढलेला, कडेला एक रबरबँड दिसतो. खाली उंची, वेग आणि सेकंद लिहिलेले. मुलगी बसते, झेलते, उठते, फेकते. पुन्हा बसते. शेवटचा झेल सोडला तर मास्क सगळीकडे तोंडावर, आणि त्या झेलातही पाठच दिसते. चेहरा कुठेच नाही, आणि तरी मला ती कुठेच शोधावी लागली नाही. उठताना ती आधी डावा गुडघा उचलते. पाळण्याचा दांडा धरून उभी राहायला शिकली तेव्हाही तोच गुडघा आधी उचलायची. बंटीच्या व्हिडिओत पाळणा आहे, पण हे नाही.

शमिकाचाही हात त्यात दिसतो, नुसता हात. तिच्या आईला उद्या फोन करून सांगणार आहे की नाव टाकायची घाई नको, आधी मला मुलीचा एक व्हिडिओ करून घेऊ दे. म्हणजे मी करणार नाही, त्या दोघी करतील. तिपाई मी धरीन, लांबून.

शेवटी मी पडतो. आवाज स्पष्ट आलाय. पंचांचा "आऊट", मग थोडी धूळ, मग ती. "बाबा, लागलं का?"

मैदानावर मी नाही म्हणालो होतो. आज पाच-सहा वेळा तो भाग मागे नेऊन पाहिला. ऑगस्टला सहा महिने आहेत. शेवटच्या खेपेला तिने विचारलं तेव्हा घरात कुणी नव्हतं, म्हणून मी हो म्हणालो.